चोवीस अंशांचा भूकंप

आमच्या गावात कुणी कधीच चुकत नाही. भात करपला तर चूल चुकते, पोर नापास झालं तर शाळा चुकते आणि दातुकांचं, म्हणजे कुळाच्या प्रमुखांचं, काही चुकलंच, तर मग पृथ्वी चुकते. चेष्टा नाही करत मी. दोन हजार दहा सालच्या जुलै महिन्यात, सिंकाराक तळ्याकाठच्या आमच्या कोटो सालिंगमध्ये, आमच्या कुळाच्या शहाण्यासुरत्या मंडळींनी एकमतानं ठरवलं की आपण चुकलेलो नाही, पायाखालची जमीनच चोवीस अंशांनी फिरली आहे.

जमीन आमच्याकडे हलते हे खरंच आहे. सुमात्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली मोठी फट आमच्या भातखाचरांच्या खालून जाते. तिच्या अलीकडे उभं राहा नाही तर पलीकडे, समोरची बाजू आपल्या उजव्या हाताला सरकत असते, वर्षाला बोटाच्या जाडीएवढी. तीसुद्धा रोज सरकत नाही. अडून बसते, आतल्या आत वाकत राहते आणि पन्नास-साठ वर्षांनी एकदम झटका देते. त्रेचाळीस सालच्या भूकंपात शेतांचे बांध मधोमध तुटून हातभर बाजूला गेले होते. मी हे शाळेत तीस वर्षं शिकवतेय. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, मोठी होतात आणि दातुकांच्या बैठकीत जाऊन बसली की विसरतात.

शाळेच्या आवारात कमरेएवढा सिमेंटचा खांब आहे, त्यावर पांढरी अँटेना. शास्त्रज्ञांनी बसवली आहे. जमीन कुठे किती सरकली ते तिला आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं. माझं काम एवढंच की सौर पट्टीवरची धूळ पुसायची आणि कोंबड्या हाकलायच्या. त्याबद्दल वर्षातून एकदा मला एक कागद येतो. गेल्या वर्षी पाडांगचा भूकंप झाला तेव्हा आमचं गाव अख्खंच्या अख्खं दोन सेंटिमीटर सरकलं, असं त्या कागदावर होतं. फिरलं किती, त्या रकान्यात शून्य होतं. पण कागद वाचायला चष्मा लागतो आणि आमची मंडळी बैठकीला चष्मा आणत नाहीत.

तर सोळा जुलै, शुक्रवार. आमच्या कुळाचा सुराव, म्हणजे नमाजाची जागा, त्याच्या कमिटीचा सेक्रेटरी मासरुल. हा सोलोकच्या बाजारात मोबाइलची कार्डं विकतो, त्यामुळे त्याला सगळ्या जगाचं कळतं. त्यानं कुठंतरी वाचलं की त्या दिवशी दुपारी चार वाजून सत्तावीस मिनिटांनी सूर्य बरोबर मक्केच्या डोक्यावर येतो. त्या क्षणी कुठलीही उभी काठी रोवा, सावली किब्ल्याच्या रेघेवर पडते. नमाजाला तोंड कुठे करायचं ते आपोआप कळतं. माहिती अगदी खरी होती. मासरुलच्या तोंडून खरी माहिती आली की मला नेहमीच धास्ती वाटते.

सुरावच्या अंगणात बांबू रोवला. सगळे जमले. मी बायकांच्या घोळक्यात पायरीवर होते. चार सत्तावीसला सावली पडली ती सुरावच्या भिंतीला चांगली तिरपी.

"सावली वाकडी पडलीय," मासरुल म्हणाला.

"सावली कशी वाकडी पडेल? बांबू वाकडा असेल," कुणीतरी म्हणालं.

दुसरा बांबू आणला. मग खोऱ्याचा दांडा आणला. मग कुणाला तरी अक्कल सुचली आणि दोरीला दगड बांधून टांगला. चौघांची सावली एकाच दिशेनं. तेव्हा मला शाळेत पिटाळलं, फळ्यावरचा लाकडी कोनमापक आणायला. कोन भरला चोवीस अंश.

"म्हणजे आपण इतकी वर्षं कुणाकडे तोंड करून उभे होतो ग?" म्हाताऱ्या रायना काकीनं मला विचारलं.

"केनियाकडे," मी म्हणाले. "आफ्रिकेत आहे. सिंह असतात तिथे."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना दातुकांकडे वळल्या. दातुक राजो अलम, आमच्या कुळाचे प्रमुख, माझ्या आईचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे सख्खे मामा. साठी गाठलेली, काळी पगडी, आणि चेहरा असा की फोटोग्राफर कधीही येईल. मामा सावलीकडे बघत राहिले, मग सुरावकडे, मग आभाळाकडे.

"गेल्या वर्षीचा भूकंप," ते सावकाश म्हणाले. "केवढा मोठा होता."

बस. अंगणातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भूकंप! अर्थात! भूकंपानं सुराव फिरवला. बापजाद्यांनी बरोबरच बांधला होता. कुणी म्हणालं, मला त्या दिवशी गरगरल्यासारखं झालंच होतं. कुणी म्हणालं, माझी म्हैस तेव्हापासून वेगळ्या बाजूला तोंड करून बसते. पाच मिनिटांत भूकंपावर सगळं खापर फुटलं. त्याची बाजू घ्यायला मी सोडून तिथे कुणी नव्हतं, आणि मीही घेतली नाही. संध्याकाळ झाली होती, घरी भात टाकायचा होता.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. सुराव चौऱ्याहत्तर साली बांधला. तेव्हा दातुक होते थोरले मामा, आईचे मोठे भाऊ. त्यांनी जोतं रस्त्याला समांतर घातलं, का, तर रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधून सुराव रुबाबदार दिसावा. गवंडीकामाला होते माझे वडील, आबा. आमच्यात घर आईचं, शेत आईचं, कूळ आईचं. नवरा बायकोच्या घरी येतो तो पाहुणा म्हणून आणि मरेपर्यंत पाहुणाच राहतो. आबांना सगळे सुतान पालिमो म्हणतात, लग्नात मिळालेला किताब. किताब भारदस्त, शब्दाला किंमत शून्य.

आबांनी तेव्हाच सांगितलं होतं की दिशा चुकतेय. जोतं राहू दे, नुसत्या रांगा तिरप्या करा, काम भागेल. मे महिन्यातही असाच एक दिवस येतो. त्या दिवसापर्यंत आबांनी फरशीचं शेवटचं सिमेंट थांबवून धरलं. त्या दुपारी ओलं सिमेंट पसरलं, ओळंबा टांगला आणि सावलीवर दोरी धरून थापीनं या भिंतीपासून त्या भिंतीच्या जागेपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मी सोळा वर्षांची होते. त्यांच्यासाठी कॉफीच्या पानांचा काढा घेऊन गेले होते, तिथेच उभी राहून पाहिलं.

थोरले मामा आले, रेघ पाहिली, आणि सगळ्या मजुरांदेखत म्हणाले, "जावयानं आता आम्हाला मक्का दाखवायची का?" तिरप्या रांगा बघून बसमधले लोक हसतील, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गवंड्याकडून रेघ बुजवून घेतली, वर चटया पसरल्या.

आबांनी तेव्हापासून सुरावात पाऊल ठेवलं नाही. गावानं त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला. अडेलतट्टू, अर्धवट, भावकीत फूट पाडणारा. आईला पाणवठ्यावर ऐकवलं जायचं. आबा घरी चटई टाकायचे, खोलीत कोपऱ्याकडे तिरपी, आणि दर शुक्रवारी दोन मैल चालत आपल्या बहिणीच्या गावच्या मशिदीत जायचे. आई गेल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांनी बहिणीकडेच राहायला जायला हवं होतं. मी जाऊ दिलं नाही. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, बहीणही गेली.

त्या शुक्रवारी मी घरी आले तेव्हा आबा खिडकीशी बसून सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. वाटलं, उठून बसतील, हसतील, काहीतरी बोलतील.

"किती अंश म्हणालीस?"

"चोवीस."

"पावणेपंचवीस," आबा म्हणाले. "तुझा कोनमापक जाड आहे."

"आबा, ते म्हणतायत भूकंपानं सुराव फिरला."

"असं का?" त्यांनी आणखी एक सुपारी कातरली. "जुफ्री म्हणाला?"

जुफ्री म्हणजे धाकटे मामा. दातुक झाल्यापासून त्यांना या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, आबाही मारत नसत.

"तेच म्हणाले सगळ्यात आधी."

आबांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "यूस, मला मानपान नको. सुरावही फिरवू नका हवं तर. पण त्यानं एकदा म्हणावं की सुतानचं बरोबर होतं. माझ्या कानानं ऐकलं की झालं. किती दिवस राहिलेत माझे?"

आबांनी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मामा घरी आले, मागे मासरुल, त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. आबा आत पडून होते. मी मामांपुढे चहा ठेवला, तळलेली केळी ठेवली. मामांनी केळ्याला हात लावला नाही, म्हणजे काम मोठं होतं.

"रमजान महिन्यावर आलाय," मामा म्हणाले. "त्याआधी रांगांच्या नव्या पट्ट्या मारायच्या. जाकार्ताला कामाला गेलेली आपली माणसं विचारतील, का बदललं. एक कागद केलाय. तुझी सही पाहिजे."

"माझी कशाला?"

"उनी, यंत्र तुमच्याकडे आहे ना," मासरुल म्हणाला. ताईला आमच्याकडे उनी म्हणतात. "तुम्ही सही केली की शास्त्रीय होतं."

मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की शाळेतल्या यंत्राच्या नोंदीप्रमाणे भूकंपामुळे कुळाच्या सुरावची जमीन चोवीस अंश फिरल्याचं आढळून आलं.

"मासरुल, तू माझ्याच वर्गात होतास ना रे?"

"हो उनी."

"भूगोलात किती मिळाले होते?"

"पस्तीस." तो लाजला नाही. "पण आता मी वाचलंय. इंटरनेटवर आहे. दोन फटींच्या मध्ये जमिनीचा तुकडा सापडला की तो फिरतो. खरंच फिरतो. तुम्हीच शिकवायचं होतं आम्हाला."

"फिरतो. दहा लाख वर्षांत दोन-चार अंश. चोवीस अंश व्हायला निदान साठ लाख वर्षं लागतील. तुझ्या कमिटीला रमजानपर्यंत हवेत."

"पण फिरतो हे कबूल आहे ना तुम्हाला?"

"बरं, फिरला. मग त्यावरचं सगळं फिरेल. रस्ता फिरायला हवा. मामांचं घर फिरायला हवं. मामा, तुमच्या ओसरीवर पूर्वी सकाळचं ऊन यायचं, आता येत नाही का?"

मामांनी चहाचा पेला उचलला. उत्तर मासरुलनं दिलं. "तुकडा लहान असेल."

"किती लहान?"

त्यानं जरा विचार केला. "सुरावएवढा."

मला हसू आवरेना. साडेतीनशे मैल लांब नि तीस-चाळीस मैल रुंद तुकड्यांची गोष्ट या पठ्ठ्यानं बारा मीटर लांब बारा मीटर रुंद करून टाकली होती, भिंतीला भिंत लावून, रस्त्याला धक्का न लावता. इतकं नीटनेटकं काम करणारी पृथ्वी असती तर भूकंपात माझी न्हाणी कशाला पडली असती?

"हसून झालं?" मामा म्हणाले. "यूस, अंगणात तू उभी होतीस. पोरं काय विचारत होती ऐकलंस? आमच्या आज्याचा नमाज झाला की नाही झाला? काय सांगू त्यांना? तुझ्या थोरल्या मामाला रस्त्यावरून छान दिसायला हवं होतं, म्हणून? मेलेल्या माणसाची कबर उकरू?"

"जिवंत माणसाचं काय, मामा?" मी आतल्या खोलीकडे बोट केलं. "त्यांना एक वाक्य हवंय. एवढंच म्हणा, सुतान, तुमचं बरोबर होतं. इथे घरातच म्हणा, मी दार लावते. मग तुम्हाला हवं ते लिहा, भूकंप लिहा नाही तर ज्वालामुखी लिहा."

मामांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. उठतील असं मला एक क्षण वाटलं. मग त्यांनी पगडी सारखी केली.

"दातुकनं म्हटलं की ते कुळानं म्हटलं. मोठ्या भावाची इज्जत अशी घरात बसून विकता येत नाही. सही करणार आहेस की नाही?"

"नाही."

"मग सहीवाचून चालेल."

ते गेले. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! दातुकांच्या तोंडावर नाही म्हटलं, भाचीनं, बाईनं. दिवसभर मी स्वयंपाकघरात भांडी आपटत मनातल्या मनात उरलेली भाषणंही करून टाकली. आतून आबांनी एकदाच विचारलं, "म्हणाला का?" मी म्हणाले, "म्हणेल." आणि तळलेली केळी गार झाली होती ती त्यांना गरम करून दिली.

रविवारी सगळं कूळ सुराव साफ करायला जमलं. पुरुषांनी भिंती पुसल्या, बायकांनी सगळ्यांसाठी भात आणि वांग्याचं तिखट रांधलं. मग जाकार्ताहून आलेला हिरवा गालिचा उचलायचा होता, त्याखाली नव्या तिरप्या पट्ट्यांची आखणी करायला. आठ जणांनी गालिचा गुंडाळला, त्याखालच्या जुन्या चटया काढल्या, आणि पुढचा माणूस जागीच थांबला.

फरशीवर रेघ होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तिरपी, बोटाएवढी खोल. आत भरलेलं सिमेंट भूकंपाच्या हादऱ्यांनी भुगा होऊन सुटलं होतं आणि चटयांखाली पसरलं होतं. भूकंपानं आमच्या सुरावात खरोखर काही केलं असेल तर ते एवढंच.

मासरुलनं मोबाइल काढून होकायंत्र लावलं. रेघेच्या डोक्यावर धरलं, मग पायथ्याशी धरलं. "बरोबर किब्ला," तो पुटपुटला. "पावणेपंचवीस."

आता संपलंच, मला वाटलं. जमीन फिरली असती तर रेघही तिच्याबरोबर फिरली असती. रेघ जागच्या जागी, म्हणजे जमीन जागच्या जागी. एवढं तर पस्तीस मार्कांचा मासरुलही समजेल. मी मामांकडे पाहिलं. मामा रेघेकडे पाहत होते. चौऱ्याहत्तर साली ते चोवीस वर्षांचे होते, थोरल्या मामांनी त्यांना आबांच्या हाताखाली लावलं होतं. त्या दुपारी आबांनी थापी चालवली तेव्हा दोरीचं दुसरं टोक धरून तेच ओणवे बसले होते.

"भेग," मामा म्हणाले.

मग ते मोठ्यानं म्हणाले, "भूकंपाची भेग आहे. बघा, अल्लानं आपल्याला दिशा आखून दिली."

एवढं बोलायचा अवकाश, रायना काकी हमसाहमशी रडायला लागली. लोकांनी मोबाइल काढले. फोटो निघाले, जाकार्ताला गेले, जाकार्ताहून परत फोन आले. भेग! सरळ, एकसारख्या रुंदीची, दोन्ही कडा थापीनं दाबून गुळगुळीत केलेली भेग! मी उभ्या आयुष्यात शेकडो भेगा पाहिल्यात, मुलांना दाखवल्यात. भूकंपाची भेग वेडीवाकडी असते, फाटे फोडते, अडखळते. पण तिथे चमत्काराची घाई सुटली होती. मी तडक घरी गेले आणि आबांना घेऊन आले.

ते पायरीशी थांबले. छत्तीस वर्षांनी ती पायरी चढताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. लोकांनी वाट दिली. म्हाताऱ्यालाही चमत्कार बघू द्या, कुणीतरी प्रेमानं म्हणालं. आबा मोठ्या कष्टानं खाली बसले आणि रेघेत बोट घालून हळूहळू पुढे फिरवत नेलं. मग मान वर केली.

"जुफ्री."

त्या नावानं लोकांनी मोबाइल खाली केले.

"दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?"

मामा दोन हात अंतरावर उभे होते. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील.

"सुतान, तुमचं वय झालंय," मामा म्हणाले. आवाज मऊ होता. "आठवणींची गल्लत होते. ही देवाची करणी आहे. माणसाच्या हातानं एवढी सरळ रेघ येत नाही."

"येते," आबा म्हणाले. "दोरी धरणारा हलला नाही तर येते. तू हलला नव्हतास."

मामांनी नजर खाली घातली. तिथे जमलेल्या निम्म्या लोकांना तेव्हाच कळलं. गावात कळतं सगळ्यांनाच. पण सगळे मूग गिळून उभे होते, कुणी गालिच्याची घडी नीट करत होतं, कुणी मोबाइलकडे बघत होतं. मग रायना काकीनं माझ्याकडे पाहिलं. तिला आठवत असणार की मी तेव्हा तिथे होते, काढ्याचं भांडं घेऊन तिच्याच दारावरून गेले होते.

"यूस," ती म्हणाली, "तू तर शिकलेली. ही भेग आहे का ग?"

मामांनीही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आबांनी नाही पाहिलं. ते रेघेवरच हात ठेवून बसून होते.

मला सांगायचं होतं. सगळं तयार होतं, घरी भांडी आपटताना शंभर वेळा म्हटलेलं. पण शंभर माणसं होती, मामांची पगडी होती, माझ्याच कुळाची सगळी भावंडं होती, उद्यापासून यांच्यातच राहायचं होतं. मी म्हणाले, "तपासून बघावं लागेल."

तेवढं पुरलं. बाईंनी नाही म्हटलं नाही, मासरुल म्हणाला आणि लोक पुन्हा बोलायला लागले. दुपारच्या नमाजाची बांग झाली. त्या दिवशी पहिल्यांदा आमचं सगळं कूळ बरोबर दिशेला तोंड करून उभं राहिलं, आबांच्या रेघेवर पाऊल जुळवून, आणि सगळ्यांनी त्यासाठी भूकंपाचे आभार मानले. आबांना कुणीतरी भिंतीशी खुर्ची दिली. मी मागे पडद्याआड, बायकांच्या रांगेत माझ्या नेहमीच्या जागेवर उभी राहिले.

परतताना आम्ही पाटाच्या कडेनं चालत होतो. मी मामांना शिव्या घालत होते. भित्रा, खोटारडा, पगडीच्या वजनानं मान मोडलेला. मासरुलला, काकीला, फोटो काढणाऱ्यांना, सगळ्यांना एकेक करून सोलून काढत होते. आबा माझ्या हाताचा आधार घेऊन चालत होते. अर्ध्या वाटेवर ते दम घ्यायला थांबले.

"जुफ्रीचं मला कळतं," ते म्हणाले. "तेव्हा त्याला पगडी मिळायची होती. आज ती सांभाळायची होती."

"म्हणून काय झालं!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोजायचं राहून गेलेलं काहीतरी मोजावं तसं.

"छत्तीस वर्षं तू रोज तिथे जाऊन त्यांच्या रांगेत, त्यांच्याच दिशेला उभी राहिलीस," ते म्हणाले. "रेघ तर तूही पाहिली होतीस. तुला काय मिळायचं होतं, यूस?"

मी त्यांचा हात धरला होता, तो मला सोडताही येईना.